ताईचा डोळे उघडे असलेला फोटो

आमच्या ताईचा डोळे उघडे असलेला एकही फोटो जगात नव्हता. तो असावा असं तिला वाटायला लागलं आणि तिथून या सगळ्याला सुरुवात झाली.

म्हणजे फोटो होते, भरपूर होते. ती शिकवायची त्या शाळेच्या वार्षिक फोटोत चौतीस वर्षं ताई दुसऱ्या रांगेत उजवीकडून तिसरी, आणि चौतीसही वर्षं डोळे मिटून. माझ्या लग्नाच्या फोटोंत तर ती अशी दिसते की परक्या माणसाला वाटावं, या बाईंचा या लग्नाला विरोध होता. कुणी काही उचलून तिच्या तोंडासमोर धरलं की तिच्या पापण्या आपोआप खाली यायच्या, त्यात तिचा काही दोष नव्हता. मोबाइलवर मी एकदा ओळीने चाळीस फोटो काढले. एकोणचाळीसांत डोळे मिटलेले, आणि चाळिसाव्यात ती शिंकत होती.

डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावून जे सांगितलं ते मी ताईला सांगणार नव्हतो. पण जिने आयुष्यभर गृहपाठ न करणाऱ्यांचे चेहरे वाचले, तिच्यापुढे माझा काय निभाव लागणार? परतीच्या बसमध्येच तिने विचारलं, "किती?"

"काय किती?"

"ठोंब्या, मी भूगोल शिकवला म्हणजे मला गणित येत नाही असं नाही. किती महिने?"

ठोंब्या म्हणजे मी. वय वर्षं छप्पन्न, केस जवळजवळ नाहीत, हाताखाली चार माणसं. "सहा," मी म्हणालो. "जास्तही असतील. फुप्फुसांचं सांगता येत नाही म्हणाले. पण कुठे फिरून यायचं तर तीन महिन्यांच्या आत, आणि उंचावर नाही."

ताईने हातातल्या तिकिटाची बारीक घडी घातली. मग म्हणाली, "मला नदीचं मुख बघायचंय. चौतीस वर्षं फळ्यावर निळ्या खडूने काढलं, एकदाही बघितलं नाही. आणि तिथे माझा एक फोटो काढ. मोठा, डोळे उघडे असलेला. भिंतीवर जो लागणार तो मी आत्ता बघून पास करणार. ओळखपत्रावरचा लावलास तर याद राख, रोज दुपारी येऊन तुझी झोप मोडीन."

मी हसलो. मग मला हुंदका आला आणि तो मी खोकला म्हणून खपवला. ताईला तो खोकला आहे असं वाटलं नाही, पण तिने चालवून घेतलं.

आता दुसरा एखादा माणूस असता तर त्याने काय केलं असतं? कुणाचा तरी कॅमेरा मागून आणला असता, ताईला गाडीत घातलं असतं आणि मोकळा झाला असता. पण मी पाणीपुरवठा खात्याच्या खरेदी विभागात एकतीस वर्षं काढली आहेत. या शहराच्या नळातून येणारा प्रत्येक थेंब मी तुलनात्मक तक्ता करून घेतलेल्या झडपेतून येतो. आमच्याकडे झाडू घ्यायचा तरी तीन दरपत्रकं लागतात. आणि हा तर ताईचा फोटो होता. तो मी असाच, उचलला कॅमेरा आणि काढला, असा काढणार? माझ्या हातून ते झालंच नसतं.

आधी मी फोटोवाल्या काकांकडे गेलो. यांचा स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली, आता ते त्याच खोलीत झेरॉक्स काढून देतात. त्यांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "भिंतीवरचा फोटो ना? मग मोठी फिल्म हवी. मीडियम फॉरमॅट. तळहाताएवढी निगेटिव्ह. भिंतभर वाढवला तरी सुरकुतीन् सुरकुती जागेवर."

"सुरकुत्यांचा आग्रह नाही," मी म्हणालो.

"बाईंना असेल," काका म्हणाले. आणि खरंच होता.

इथपर्यंत ठीक होतं. पुढे माझी अक्कल गहाण पडली. मी समिती नेमली. अध्यक्ष मी. सदस्य ताई, माझी बायको आणि वरच्या मजल्यावरचे सर्वज्ञ. सर्वज्ञ हे त्यांचं नाव नव्हे, पण सगळी इमारत त्यांना त्याच नावाने ओळखते. त्यांना विषय कळायच्या आत मत तयार असतं. तीन कॅमेरे मी विचारात घेतले. पहिला, डोळ्याला लावायचा, भक्कम, वजनाला शिलाई मशीनच्या डोक्याएवढा. दुसरा, भात्याचा, घडी घालून खिशात मावणारा. तिसरा, दोन भिंगांचा, एकावर एक. तो पोटाशी धरायचा आणि वरून मान खाली घालून काचेत बघायचं. मी रकाने आखले: वजन, भिंग, दुरुस्तीची सोय, प्रवासात हाताळणी, शेरा. प्रत्येक सदस्याने आपलं मत सीलबंद पाकिटात द्यायचं.

बायको म्हणाली, "अहो, आपण एकाच टेबलाशी जेवतो. तोंडाने सांगितलं तर नाही का चालणार?"

"तोंडी मताला आधार नसतो," मी म्हणालो.

पाकिटं आली. सर्वज्ञांचं अकरा पानांचं, त्यात चार पानं कॅमेऱ्यांच्या इतिहासावर. बायकोच्या पाकिटात साबण, तेल, मीठ अशी वाण्याची यादी निघाली. घाईत पाकिटांची अदलाबदल झाली होती. दुसऱ्या दिवशी वाणी मला म्हणाला, "वहिनींचं मत वाचलं साहेब. मलाही घडीचाच बरा वाटतो." तिसरं पाकीट ताईचं. आत चौकोनी कागद, त्यावर तिच्या फळ्यावरच्या अक्षरात दोनच शब्द: 'लवकर घे.'

हे मत कोणत्या रकान्यात घालायचं ते मला कळेना. मी ते 'शेरा'मध्ये घातलं. आज ते आठवलं की स्वतःच्या कानशिलात भडकावावीशी वाटते.

तक्त्याला तीन आठवडे गेले. सर्वज्ञ रोज संध्याकाळी येऊन घडीच्या कॅमेऱ्याची बाजू मांडत. "प्रवास म्हटला की खिसा बघायचा," ते म्हणत. ताई कोपऱ्यातल्या खुर्चीत पाय वर घेऊन ऐकत बसायची आणि अधूनमधून म्हणायची, "नदी वाट बघतेय हो." शेवटी निर्णय मी एकट्याने घेतला, आणि सांगतो, कारणासकट घेतला. ताईचे डोळे कशाने मिटतात? तोंडासमोर काही आलं की. मग कॅमेरा तोंडासमोर आणायचाच नाही! पोटाशी धरायचा, दोन भिंगांचा! एकतीस वर्षांत इतकी बिनतोड शिफारस मी लिहिली नव्हती. समितीने टाळ्या वाजवल्या. सर्वज्ञांनी भिन्नमतपत्रिका जोडली.

असा कॅमेरा आपल्याकडे कुठला मिळायला? परदेशातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून तो मागवला, आणि तो आला तो सरळ सीमाशुल्काच्या गोदामात जाऊन बसला. मी गेलो. खिडकीमागचे कारकून खोका उघडून बघत होते.

"ही दुर्बीण आहे," ते म्हणाले.

"कॅमेरा आहे."

"दोन भिंगं आहेत."

"एकातून बघायचं, एकातून फोटो."

"आमच्या यादीत कॅमेरा म्हणजे एक भिंग. दोन भिंगं म्हणजे दुर्बीण, आणि दुर्बिणीला वापराचा दाखला लागतो. त्रुटीची पूर्तता करा." त्यांनी चिठ्ठी दिली.

'त्रुटीची पूर्तता करावी.' या तीन शब्दांवर मी आयुष्य काढलंय हो! किती पाइपवाले, किती रंगवाले मी या तीन शब्दांनी परत धाडले असतील. पण स्वतःच्या हातात ती चिठ्ठी आल्यावर कसं वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं. मी माझा तुलनात्मक तक्ता काढून दाखवला. त्यांनी तो आदराने वाचला, अगदी मन लावून वाचला, आणि म्हणाले, "एका सदस्याची सही नाही." भिन्नमतपत्रिका दिली म्हणून सर्वज्ञांनी मूळ तक्त्यावर सही केली नव्हती.

मी पाच खेपा घातल्या. सर्वज्ञांची सही झाली, काकांनी 'सदर वस्तू कॅमेराच आहे' असा दाखला झेरॉक्सच्या कागदावर लिहून दिला, मग त्या दाखल्यावर शिक्का नाही म्हणून तो परत आला. असा एक महिना गेला. सहाव्या खेपेला ताई म्हणाली, "मी येते."

"दोन मजले आहेत, ताई. लिफ्ट बंद आहे."

"मग सावकाश येते."

दोन मजले चढायला तिला अर्धा तास लागला. खिडकीशी पोचली तेव्हा तिला बोलता येत नव्हतं, म्हणून ती नुसती खिडकीची कड धरून उभी राहिली. कारकून म्हणाले, "काय काम आहे, बाई?" श्वास जमल्यावर ताई म्हणाली, "मला माझा फोटो काढून घ्यायचाय. मरायच्या आधी. त्याचा फॉर्म कुठला?"

कारकून उठले. आतून खुर्ची आणून तिला बसवलं, पाणी दिलं, आणि पाच मिनिटांत शिक्का मारला. आम्ही खाली उतरताना मी म्हणालो, "असं बोलायचं नाही, ताई." ती म्हणाली, "का? तुझ्या तक्त्यात बसत नाही म्हणून?" मी तिचा हात धरून एक एक पायरी उतरत राहिलो. मला तिचा रागही आला होता आणि स्वतःची लाजही वाटत होती, आणि जिना फार लांबलचक होता.

खोका घरी आला. मी कॅमेरा पुसला, फुंकरला, आत एक रिकामी प्लास्टिकची दांडी होती ती कचरा म्हणून टाकून दिली. काका फिल्म भरायला आले आणि विचारू लागले, "रिकामं रीळ कुठाय?"

"कसलं रिकामं रीळ?"

"अहो, ही फिल्म एका रिळावरून सुटते आणि दुसऱ्या रिकाम्या रिळावर गुंडाळली जाते. ते रिकामं रीळ आत असतंच. त्याच्याशिवाय हा डबा आहे नुसता."

कचऱ्याची गाडी सकाळीच गेली होती. काकांनी आपल्या माळ्यावरचे सगळे खोके उपसले तेव्हा चौथ्या दिवशी एक रीळ मिळालं. त्या चार दिवसांत बायको माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. आणि कामही तिने फारसं काढलं नाही.

शेवटी, तिसरा महिना संपायला नऊ दिवस असताना, आम्ही निघालो. ताई, मी, घडीची खुर्ची, औषधांची पिशवी आणि बारा फोटोंचं एक रीळ. दुसरं रीळ मी घेतलं नाही, कारण तक्त्यात 'आवश्यक नग: एक' असं लिहिलं होतं.

पोचलो तेव्हा ओहोटी होती. नदीच्या मुखाशी नदी नव्हती, चिखल होता. क्षितिजापर्यंत करडा चिखल, त्यात पाण्याच्या बारीक बारीक रेघा, आणि पार पलीकडे समुद्राची एक पांढरी ओळ. मला रडूच आलं. मी म्हणालो, "ताई, चुकीच्या वेळी आणलं गं तुला."

ताई एका उपड्या होडीला टेकून उभी होती. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. "अरे, हे बघ," ती म्हणाली. "गाळ! हा गाळ कुठून कुठून आलाय माहीत आहे? मी मुलांना सांगायची, नदी जाताना रिकाम्या हाताने जात नाही. पाणी असतं तर हे दिसलं असतं का? बरं झालं, ओहोटीलाच आणलंस." आणि ती इतकी खुश झाली की मी डोळे पुसून कॅमेरा गळ्यात अडकवला.

आता या कॅमेऱ्याची एक गंमत आहे. वरच्या काचेत चित्र उलटं पडतं, म्हणजे डावीकडचं उजवीकडे. ताई काचेच्या एका टोकाला गेली म्हणून मी तिला मध्ये आणायला वळलो, तर ती चौकटीतून साफ नाहीशी झाली. पुन्हा वळलो, तर एक खांब आला. मी मान खाली घालून, काचेत बघत, तिच्या शोधात एक एक पाऊल सरकत राहिलो, आणि पाचव्या पावलाला गुडघ्यापर्यंत चिखलात गेलो. पाय निघाला, बूट आतच राहिला. ताई हसली. हसता हसता तिला धाप लागली, ती होडीवर बसली, आणि मी एका बुटाने धावत जाऊन तिच्या तोंडाला औषधाचा फवारा धरला. जरा बरं वाटल्यावर ती म्हणाली, "काढ आता. असा बुटाशिवाय बरा दिसतोस."

मी पहिला फोटो काढला. मग लक्षात आलं की खालच्या भिंगाचं झाकण काढलंच नव्हतं. बघायचं भिंग वेगळं, फोटोचं वेगळं. वर सगळं झकास दिसतं आणि खाली अंधार. राहिले अकरा.

ते अकरा मात्र मी जीव ओतून काढले. काचेतल्या ताईवर मी माझं सगळं लक्ष एकवटलं. चष्म्याची कड तीक्ष्ण आली का, निळ्या शालीची घडी दिसते का, मागची पांढरी ओळ डोक्यातून तर जात नाही ना. काचेत ती अंगठ्याएवढी होती. "अरे, मान वर कर की जरा," ताई एकदा म्हणाली. मी म्हणालो, "हलू नकोस, फोकस जातोय." ती हलली नाही. पुढचे सगळे फोटो होईपर्यंत ती काही बोलली नाही.

परत आलो आणि रीळ काकांना दिलं. धुवायची रसायनं जुनी झाली होती, नवी मागवायला हवी होती. काका म्हणाले, "दुसरीकडे देऊ का? लवकर होईल." मी म्हणालो, "नको, तुम्हीच करा, बिघडायला नको." मी असं म्हणालो. कुणी मला भाग पाडलं नव्हतं.

ताई रोज विचारायची, "आला का माझा फोटो?" मी रोज सांगायचो, "उद्या." पुढे पुढे तिने विचारायचं सोडलं, मी खोलीत शिरलो की नुसती भुवई उंचावायची, आणि मी नाही म्हणून मान हलवायचो. रसायनं एका गुरुवारी आली. ताई त्याच्या आदल्या सोमवारी गेली. दुपारची वेळ होती, मी कचेरीत होतो, एका झडपेच्या दरपत्रकावर सही करत होतो.

तिने फोटो पास केला नाही. तिला तो दिसलाच नाही. एवढी एकच गोष्ट तिने माझ्याकडे मागितली होती, आणि मला ती वेळेत देता आली नाही. हे मी कुणाकडे तक्रार म्हणून सांगत नाही. तक्रार करायची तर ती माझ्याच टेबलावर येईल.

आठ दिवसांनी काका मोठी पिशवी घेऊन आले. आतून त्यांनी भिंतीवर लावायचा फोटो काढला आणि बाकीचे दहा छोटे टेबलावर मांडले. बायकोने तोंडाला पदर लावला. अकराही फोटोंत ताईचे डोळे उघडे होते. टक्क उघडे, चष्म्यामागे हसणारे, अकराच्या अकरा. सुरकुतीन् सुरकुती जागेवर. माझा तक्ता बरोबर ठरला होता.

"पण ही बघते कुठे?" बायको म्हणाली.

खरंच. ताई आमच्याकडे बघत नव्हती. सगळ्या फोटोंत तिची नजर थोडी वर होती, आपल्या डोक्यावरून मागे कुठेतरी.

काका म्हणाले, "पोटाशी धरायच्या कॅमेऱ्याचं असंच असतं. समोरच्या माणसाला भिंग खाली आहे हे कळत नाही. तो फोटो काढणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. त्याला सांगावं लागतं, खाली भिंगात बघा म्हणून. तुम्ही सांगितलं नव्हतं?"

मी सांगितलं नव्हतं.

फोटो भिंतीवर लावला आहे. भेटायला येणारी माणसं त्याच्यासमोर उभी राहतात आणि न चुकता मागे वळून बघतात, कोण आलंय म्हणून. सर्वज्ञ तर दोनदा वळले, आणि मग काही न बोलता, एकही मत न देता वर निघून गेले.

परवा घरात कुणी नव्हतं. मी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, म्हटलं, नजर वर आहे ना, मग आपण वर जाऊ. चढलो आणि ताईच्या तोंडासमोर तोंड नेलं. ती माझ्या डोक्यावरून मागे बघत होती. स्टुलावर डबा ठेवून त्याच्यावर उभा राहिलो. तरी ती वरच बघत होती. बायको आली तेव्हा मी तसाच होतो. ती म्हणाली, "अहो, उतरा, पडाल." मी उतरलो आणि तिला सांगितलं की खिळा सैल झाला होता.

त्या दिवशी नदीच्या मुखाशी ताई अकरा वेळा माझ्याकडे बघून हसली, आणि अकराही वेळा मी मान खाली घालून उभा होतो.